गव्हर्नरने मोडलेल्या सभेने स्वातंत्र्याची चळवळ कशी चालवली? व्हर्जिनियाच्या ‘हाउस ऑफ बर्जेसेस’विषयी

प्रश्न असा आला आहे : व्हर्जिनियाचं ‘हाउस ऑफ बर्जेसेस’ हे ब्रिटिश अमलातलं कायदेमंडळ. गव्हर्नर राजाने नेमलेला, सभा बोलवायचा आणि मोडायचा अधिकार त्याच्याच हातात. मग अशा सभेने अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्याचं पुढारपण कसं केलं? आणि आपल्याकडच्या ब्रिटिश काळातल्या कौन्सिलांना, म्हणजे प्रांतांच्या कायदेमंडळांना, ते का जमलं नाही?

मी बरीच वर्षं पदव्युत्तर वर्गांना वसाहतकालीन अमेरिका शिकवते. आपल्या पाठ्यपुस्तकांत या सभेला चार ओळी मिळतात : १६१९ साल, अमेरिकेतलं पहिलं लोकनियुक्त कायदेमंडळ, पॅट्रिक हेन्रीचं भाषण, आणि पुढचा धडा. त्या चार ओळींतून या प्रश्नाचं उत्तर निघत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी थोडक्यात उत्तर. गव्हर्नरला सभा मोडता येत होती, सभासद मोडता येत नव्हते. हे सभासद आपापल्या काऊंटीत, म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागात, न्यायाधीश होते, चर्चच्या कारभारी मंडळावर होते, मिलिशियाचे, म्हणजे स्थानिक नागरी फौजेचे, अधिकारी होते. राजधानीतल्या सभागृहाला कुलूप लागलं तरी काऊंटीचा कारभार त्यांच्याकडेच राहायचा. १७६५ साली याचा उपयोग कसा करायचा हे त्यांना सुचलं नव्हतं. १७६९ साली सुचलं, आणि १७७४ साली त्यांनी त्याच बळावर सगळी चळवळ उभी केली.

सुरुवातीचा इतिहास भरभर सांगते. ३० जुलै १६१९ रोजी जेम्सटाउनच्या चर्चमध्ये गव्हर्नर जॉर्ज यर्डली याने पहिली सभा भरवली. (शिवाजी महाराजांच्या जन्माला तेव्हा अजून अकरा वर्षं होती.) अकरा वस्त्यांचे प्रत्येकी दोन, असे बावीस प्रतिनिधी. उकाडा असह्य होता, एक प्रतिनिधी त्या अधिवेशनातच वारला आणि ४ ऑगस्टला सभा आटोपती घ्यावी लागली. त्यानंतर काही आठवड्यांतच पॉइंट कम्फर्टला एका जहाजातून वीसेक आफ्रिकी माणसं विकायला उतरवली गेली. या दोन घटना एकाच उन्हाळ्यातल्या आहेत हे ध्यानात ठेवा, शेवटी त्याकडे यायचं आहे. १६२४ साली व्हर्जिनिया कंपनीची सनद रद्द होऊन वसाहत थेट राजाकडे गेली, पण सभा टिकली. १६४३ पासून बर्जेस, म्हणजे निवडून आलेले सभासद, गव्हर्नरच्या कौन्सिलपासून वेगळे बसू लागले. १६९९ साली राजधानी विल्यम्सबर्गला हलवायचं ठरलं. पुढची सगळी हकीकत मुख्यतः या छोट्या गावात घडते.

आता सभासद कोण होते ते पाहू, कारण सगळी मेख तिथे आहे. प्रत्येक काऊंटीतून दोन बर्जेस यायचे. शिवाय जेम्सटाउन, विल्यम्सबर्ग, नॉरफोक आणि विल्यम अँड मेरी कॉलेज यांचा प्रत्येकी एक. मतदार म्हणजे जमीनधारक गोरा पुरुष : १७३६ च्या कायद्याप्रमाणे शंभर एकर पडीक जमीन, किंवा घर आणि लागवडीसह पंचवीस एकर. मत गुप्त नसे. काऊंटी कोर्टाच्या आवारात टेबल मांडलेलं, मागे शेरीफ आणि कारकून, शेजारी उमेदवार स्वतः बसलेले. मतदाराने सगळ्यांदेखत नाव उच्चारायचं, आणि ज्याला मत मिळालं त्याने तिथल्या तिथे आभार मानायचे. मतदारांची खातिरदारी हा रिवाजच होता. १७५८ साली जॉर्ज वॉशिंग्टन फ्रेडरिक काऊंटीतून निवडून आला तेव्हा तो स्वतः सरहद्दीवर लष्करी कामात होता, पण त्याच्या वतीने मतदारांना रम, पंच, वाइन, बिअर मिळून सुमारे १६० गॅलन दारू पाजली गेली. त्याचा हिशेब आजही उपलब्ध आहे.

निवडून येणारा माणूस बहुतेक तंबाखूचा मोठा मळेवाला. त्याच्याकडे गुलाम, त्याचंच लंडनच्या किंवा ग्लासगोच्या व्यापाऱ्याकडे कर्जखातं. आणि तोच काऊंटी कोर्टाचा न्यायाधीश. या नेमणुका कागदोपत्री गव्हर्नर करायचा, पण नावं सुचवायचं ते कोर्टच, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या तीच घराणी कायम राहत. पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या स्थानिक विभागाच्या, कारभारी मंडळातली रिकामी जागाही उरलेले सभासदच भरायचे. गरिबांना मदत कोणाला द्यायची, अनाथ मूल कोणाकडे ठेवायचं, रस्ता कुणी दुरुस्त करायचा, कर किती बसवायचा, हे सगळं ही मंडळी ठरवायची. गव्हर्नरचा स्वतःचा म्हणावा असा अधिकारी काऊंटीत जवळपास नव्हताच. आपल्याकडच्या कलेक्टर-मामलेदारासारखी वरून खालपर्यंत उतरणारी सरकारी साखळी तिथे कधी निर्माण झाली नाही. मला विचाराल तर या लढ्याचा निकाल निम्मा इथेच लागला होता.

उरलेला निम्मा पैशाच्या बाबतीत. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘सभा गव्हर्नरचा पगार अडवून त्याला वाकवायची’ असं सरसकट लिहिलं जातं. मॅसॅच्युसेट्समध्ये ते खरं आहे, व्हर्जिनियात नाही. इथे १६८० पासून तंबाखूच्या निर्यातीवर प्रत्येक पिंपामागे दोन शिलिंगांचा कायमचा कर होता आणि गव्हर्नरचा पगार त्यातून निघायचा. पण त्यापलीकडचा प्रत्येक पैसा सभेच्या हातात : सरहद्दीवरची फौज, लढाईचा खर्च, कागदी चलन. सभापती आणि वसाहतीचा खजिनदार ही दोन्ही पदं कित्येक वर्षं एकाच माणसाकडे होती. जॉन रॉबिन्सन १७३८ पासून मरेपर्यंत, म्हणजे १७६६ पर्यंत, दोन्ही पदांवर होता. तो गेल्यावर उघड झालं की जाळून टाकायच्या नोटांतून सुमारे एक लाख पौंड त्याने कर्जबाजारी मळेवाल्या मित्रांना उसने दिले होते. त्यानंतर ही पदं वेगळी केली. सभा किती ताकदवान होती आणि किती आपापसातली होती, ते या एका प्रकरणात दिसतं.

गव्हर्नरांशी खटके उडायचे तेही पैशावरूनच. १७५२ साली डिनविडी या गव्हर्नरने जमिनीच्या प्रत्येक पट्ट्यावर शिक्का मारायला एक पिस्टोल, म्हणजे एक स्पॅनिश सोन्याचं नाणं, फी लावली. रक्कम मोठी नव्हती. पण बर्जेस म्हणाले, आमच्या संमतीवाचून घेतलेली फी म्हणजे करच. त्यांनी आपला माणूस लंडनला पाठवला : पेटन रँडॉल्फ. हा स्वतः वसाहतीतला राजाचा ॲटर्नी जनरल, म्हणजे मुख्य सरकारी वकील! डिनविडीने त्याला पदावरून काढलं. लंडनमध्ये तडजोड झाली, फी राहिली पण शंभर एकरांखालच्या जमिनीला माफ झाली, आणि रँडॉल्फला पद परत मिळालं. या माणसाचं नाव लक्षात ठेवा, तो शेवटपर्यंत सोबत आहे.

पुढे १७५८ साली दुष्काळाने तंबाखूचं पीक बुडालं, भाव चढले. चर्चच्या धर्मोपदेशकांचा पगार वर्षाला सोळा हजार पौंड (वजनाचे) तंबाखू असा ठरलेला होता. सभेने कायदा केला की त्याऐवजी पौंडामागे दोन पेन्स रोख द्यावेत. धर्मोपदेशकांनी लंडनला दाद मागितली आणि राजाने कायदा नामंजूर केला. मग रेव्हरंड जेम्स मॉरी बुडालेल्या पगाराची भरपाई मागायला हॅनोव्हर काऊंटीच्या कोर्टात गेले. डिसेंबर १७६३ मध्ये भरपाईच्या रकमेवर सुनावणी झाली तेव्हा समोर उभा राहिला पॅट्रिक हेन्री नावाचा सत्तावीस वर्षांचा वकील. तो म्हणाला, लोकहिताचा कायदा नामंजूर करणारा राजा प्रजेचा पिता राहत नाही, जुलमी होतो. ज्यूरीने मॉरींना भरपाई दिली : एक पेनी. न्यायासनावर अध्यक्ष होते हेन्रीचे वडील. काऊंटी म्हणजे काय हे याहून स्पष्ट करून सांगता येणार नाही.

मग आलं १७६५. स्टँप ॲक्टची, म्हणजे वसाहतींतल्या छापील आणि कायदेशीर कागदांवर कर बसवणाऱ्या कायद्याची, चाहूल लागताच, डिसेंबर १७६४ मध्ये, सभेने राजाला आणि पार्लमेंटच्या लॉर्ड्स व कॉमन्स या दोन्ही सभागृहांना अशी तीन अदबशीर निवेदनं पाठवली होती. कर बसवणाऱ्या विधेयकाविरुद्धचे अर्ज आम्ही घेतच नाही, असा कॉमन्सचा दंडक होता. त्यांनी अशी निवेदनं वाचायलाही नकार दिला आणि मार्चमध्ये कायदा मंजूर केला.

मे अखेरीस अधिवेशन संपत आलं होतं, बहुतेक सभासद घरी गेले होते. शंभरावर सभासदांपैकी चाळीसेक उरले होते. हेन्री सभेत येऊन जेमतेम दहा दिवस झाले होते. २९ मे रोजी, आपल्या एकोणतिसाव्या वाढदिवशी, त्याने ठराव मांडले. ३० तारखेला पाच ठराव मंजूर झाले. पाचवा सर्वांत कडक होता : व्हर्जिनियावर कर बसवायचा अधिकार फक्त या सभेचा, दुसऱ्या कोणाला तो देणं म्हणजे ब्रिटिश आणि अमेरिकी स्वातंत्र्य नष्ट करणं. तो एका मताने तगला, वीस विरुद्ध एकोणीस. दाराशी उभा राहून कायद्याचा एक विद्यार्थी ऐकत होता, टॉमस जेफरसन. पेटन रँडॉल्फ बाहेर पडताना ‘एका मतासाठी मी पाचशे गिनी मोजल्या असत्या’ असं पुटपुटला, ही आठवण जेफरसननेच पुढे सांगितली. म्हणजे पुढे ज्याने चळवळीचं अध्यक्षपद भूषवलं तो रँडॉल्फ त्या दिवशी विरोधात होता.

‘सीझरला ब्रूटस भेटला... आणि हा राजद्रोह असेल तर खुशाल असू द्या’ हे हेन्रीचं वाक्य सगळ्यांना पाठ असतं. विद्यार्थ्यांना मी इथे थांबवते. ते वाक्य खूप नंतरच्या आठवणींवर आधारलेलं आहे. त्याच दिवशी दाराशी असलेल्या एका फ्रेंच प्रवाशाची टिपणं विसाव्या शतकात सापडली. त्यांत असं आहे की सभापतींनी ‘हा राजद्रोह’ म्हणून अडवल्यावर हेन्रीने सभेची माफी मागितली आणि राजाशी आपली निष्ठा बोलून दाखवली. मला हेन्री याने लहान झालेला वाटत नाही. १७६५ साली राजाशी निष्ठा आणि पार्लमेंटच्या कराला विरोध या दोन्ही गोष्टी एका माणसाच्या मनात सुखाने नांदत होत्या, आणि हे समजल्याशिवाय पुढची अकरा वर्षं कळत नाहीत.

हेन्री गावाकडे निघून गेल्यावर ३१ मे रोजी उरलेल्यांनी पाचवा ठराव रद्द केला. १ जूनला गव्हर्नर फॉकियर याने सभा मोडली. विल्यम्सबर्गच्या वर्तमानपत्राने ठराव छापलेच नाहीत. पण ऱ्होड आयलंड आणि मेरिलँडच्या पत्रांनी छापले, तेही कधीच मंजूर न झालेल्या जास्त जहाल ठरावांसकट. बाकीच्या वसाहतींनी वाचलं ते हे, आणि त्यांना वाटलं व्हर्जिनिया फार पुढे गेली. ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला स्टँप ॲक्टविरुद्ध नऊ वसाहतींची परिषद भरली. तिला व्हर्जिनियाचा एकही प्रतिनिधी नव्हता. कारण साधं आहे : प्रतिनिधी निवडायला सभा भरायला हवी, आणि फॉकियरने ती बोलावलीच नाही. गव्हर्नरचं हत्यार त्या वेळी चाललं. हे अपयश पाठ्यपुस्तकांत येत नाही, पण बर्जेस मंडळींनी ते मनाला लावून घेतलं असावं, कारण पुढच्या वेळी ते असे गप्प बसले नाहीत.

ती वेळ आली मे १७६९ मध्ये. टाउनशेंड करांवरून, म्हणजे वसाहतींत येणाऱ्या मालावर पार्लमेंटने बसवलेल्या नव्या करांवरून, वातावरण तापलं होतं. सभेने ठराव केला की कर लावायचा अधिकार आमचाच, आणि आरोपींना खटल्यासाठी समुद्रापार इंग्लंडला नेणं आम्हाला मान्य नाही. नवा गव्हर्नर बोटटॉर्ट हा लोकांना आवडलेला, गोड माणूस. त्याने सभासदांना वर बोलावून दोन वाक्यांत सांगितलं की तुमचे ठराव मी ऐकले, त्यांचा परिणाम वाईट होईल, तुम्ही मला माझं कर्तव्य करायला भाग पाडलंत आणि त्यानुसार तुम्ही बरखास्त झालात.

सभासद खाली उतरले आणि त्याच रस्त्याने चार पावलं चालून रॅले टॅव्हर्नमध्ये गेले. तिथल्या ‘अपोलो’ नावाच्या मोठ्या खोलीत ते बसले, पेटन रँडॉल्फ या आपल्याच सभापतीला त्यांनी अध्यक्ष केलं, समिती नेमली आणि दुसऱ्या दिवशी ब्रिटिश मालावरच्या बहिष्काराचा करारनामा सह्यांनिशी मंजूर केला. मसुदा जॉर्ज मेसनचा, आणलेला वॉशिंग्टनने. सभेचे नियम तेच, माणसं तीच, ठराव मांडायची रीत तीच. फक्त गव्हर्नर नव्हता आणि त्यामुळे त्याची सहीही लागत नव्हती. बहिष्कार फारसा यशस्वी झाला नाही हे खरं. पण सभागृहाबाहेर बसूनही आपण ‘सभा’ राहतो, हे त्यांना त्या दिवशी पुरतं समजलं.

मार्च १७७३ मध्ये सभेने अकरा जणांची पत्रव्यवहार समिती नेमली आणि सगळ्या वसाहतींच्या सभांना तसंच करायला सांगितलं. ठराव मांडला डॅबनी कार याने. कागदावर हा किरकोळ ठराव वाटतो. पण आतापर्यंत प्रत्येक वसाहत लंडनशी बोलत होती, आता त्या एकमेकींशी बोलू लागल्या. शिवाय समितीला अधिवेशन नसतानाही काम करता येत होतं. सभा मोडली तरी टपाल चालू राहणार, याची ही तजवीज.

आता १७७४. मराठी वाचकाला काळ डोळ्यांसमोर यावा म्हणून सांगते, पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म होऊन सव्वा महिना झाला होता. बॉस्टनच्या लोकांनी ईस्ट इंडिया कंपनीचा चहा समुद्रात फेकला म्हणून पार्लमेंटने १ जूनपासून ते बंदरच बंद करायचं ठरवलं. ही बातमी मे महिन्यात विल्यम्सबर्गला आली. जेफरसन, हेन्री, रिचर्ड हेन्री ली अशा तरुण मंडळींनी ठरवलं की लोकांना जागं करायला १ जून हा उपवास आणि प्रार्थनेचा दिवस जाहीर करायचा. जुन्या इंग्रज यादवीच्या काळातले नमुने धुंडाळून त्यांनी ठराव जुळवला. पण मांडायला सांगितलं रॉबर्ट कार्टर निकोलस या धार्मिक आणि नेमस्त खजिनदाराला, म्हणजे कुणाला विरोध करायला तोंड राहू नये. २४ मेला ठराव एकमताने झाला. २६ मेला गव्हर्नर डनमोरने तो कागद हातात धरून सभा बरखास्त केली.

पुढचे दोन दिवस मला या सगळ्या इतिहासात सर्वांत बोलके वाटतात. वॉशिंग्टनच्या रोजनिशीत दिसतं की २६ तारखेच्या सकाळी तो डनमोरबरोबर घोड्यावरून गव्हर्नरच्या शेतावर गेला होता आणि तिथेच न्याहारी केली. दुपारी डनमोरने सभा मोडली. २७ तारखेला सकाळी एकोणनव्वद बर्जेस रॅले टॅव्हर्नमध्ये जमले. त्यांनी जाहीर केलं की एका वसाहतीवरचा हल्ला हा साऱ्या ब्रिटिश अमेरिकेवरचा हल्ला आहे, ईस्ट इंडिया कंपनीच्या मालावर बहिष्कार घातला (सोरा आणि मसाले वगळून), आणि सर्व वसाहतींची दरवर्षी एक काँग्रेस भरावी असं सुचवलं. त्याच रात्री याच मंडळींनी लेडी डनमोरच्या स्वागतार्थ आधीच ठरलेला नाचाचा समारंभ पार पाडला, वॉशिंग्टनही हजर होता. यात ढोंग नव्हतं. गव्हर्नरच्या घराशी रीतभात पाळणं आणि त्याच्या सरकारला अडवणं यांत त्यांना विसंगती वाटत नव्हती. आपण बंड करतोय असं त्यांना वाटतच नव्हतं. आपला जुना हक्क सांभाळतोय असं वाटत होतं, आणि म्हणूनच इतकी सावध, मालमत्तावाली माणसं न डगमगता पुढे गेली. (ज्या कंपनीवर त्यांनी बहिष्कार घातला तिच्याच मुंबईच्या फौजेने त्याच वर्षी डिसेंबरात ठाण्याचा किल्ला मराठ्यांकडून घेतला.)

बरखास्तीचा उलटा परिणाम कसा झाला तेही पाहण्यासारखं आहे. कोर्टातल्या फीचा कायदा ठरावीक मुदतीचा असे आणि तो एप्रिल १७७४ मध्ये संपला होता. नूतनीकरण व्हायच्या आत डनमोरने सभा मोडली. मग काऊंटी कोर्टांतल्या न्यायाधीशांनी म्हणायला सुरुवात केली की फीचा कायदाच नाही तर दिवाणी दावे चालवायचे कसे? कोर्टं बंद पडली. आणि कोर्टं बंद म्हणजे ब्रिटिश व्यापाऱ्यांना व्हर्जिनियाच्या मळेवाल्यांकडून कर्ज वसूल करता येईना. देशभक्ती आणि सोय इथे हातात हात घालून चालत होत्या, हे लपवायचं कारण नाही.

डनमोरने नव्या निवडणुका जाहीर केल्या. काऊंट्यांनी जुलैमध्ये बहुतेक जुनीच माणसं निवडली, पण जमलेल्या लोकांनी त्याच सुमारास ठरावही केले. फेअरफॅक्स काऊंटीत वॉशिंग्टन १४ जुलैला निवडून आला आणि १८ जुलैला अलेक्झांड्रियाच्या कोर्टात त्याच्याच अध्यक्षतेखाली मेसनने लिहिलेले कडक ठराव मंजूर झाले. डनमोर घाबरून नवी सभा पुढे ढकलत राहिला. तोवर १ ऑगस्टला तीच माणसं विल्यम्सबर्गला ‘कन्व्हेन्शन’ म्हणून जमलीसुद्धा. अध्यक्ष पेटन रँडॉल्फ. त्यांनी फिलाडेल्फियाच्या काँग्रेससाठी सात प्रतिनिधी निवडले : रँडॉल्फ, ली, वॉशिंग्टन, हेन्री, रिचर्ड ब्लँड, बेंजामिन हॅरिसन आणि एडमंड पेंडलटन. ५ सप्टेंबरला काँग्रेस भरली आणि तिचा पहिला अध्यक्षही रँडॉल्फच झाला. १७६५ साली जी वसाहत परिषदेला जाऊ शकली नव्हती तिच्याकडे आता अध्यक्षपद आलं. स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांचा इथे नेहमी गोंधळ होतो, म्हणून सांगते : बर्जेसेस ही व्हर्जिनियाची अधिकृत सभा, कन्व्हेन्शन ही तिच्याच सभासदांची गव्हर्नरविना भरलेली बैठक, आणि काँटिनेंटल काँग्रेस सर्व वसाहतींची.

काँग्रेसने बहिष्काराचं पालन करून घ्यायला प्रत्येक काऊंटीत समिती निवडायला सांगितलं. व्हर्जिनियात या समित्यांवर कोण आलं असेल ते आता तुम्हीच सांगाल. २४ डिसेंबर १७७४ रोजी डनमोरने लंडनला लांबलचक पत्र लिहिलं. त्यात तो म्हणतो की या वसाहतीत आता समितीचा सभासद म्हणून काम करणाराच तेवढा न्यायाधीश उरला आहे, न्यायाधीश म्हणून काम करणारा एकही नाही. शत्रूने दिलेली ही कबुली मी दर वर्षी वर्गात वाचून दाखवते.

१७७५ च्या एप्रिलमध्ये डनमोरने रात्रीतून विल्यम्सबर्गच्या कोठारातली दारू, म्हणजे बंदुकीची दारू, लढाऊ जहाजावर हलवली आणि गाव खवळलं. जूनमध्ये ब्रिटिश पंतप्रधान लॉर्ड नॉर्थचा समेटाचा प्रस्ताव विचारात घ्यायला त्याला अखेर सभा बोलवावी लागली. रँडॉल्फ काँग्रेसचं अध्यक्षपद सोडून सभापतीच्या खुर्चीसाठी परत आला. त्याच्या मागे जॉन हँकॉक काँग्रेसचा अध्यक्ष झाला आणि प्रतिनिधी म्हणून रँडॉल्फच्या जागी जेफरसन फिलाडेल्फियाला गेला. पुढच्या वर्षीचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा जेफरसनच्या हातून लिहिला गेला त्यात या अधिवेशनाचाही वाटा आहे. ८ जूनच्या पहाटे डनमोर कुटुंबासह ‘फोवी’ या युद्धनौकेवर पळाला. विधेयकांवर सही करायला त्याने सभेलाच जहाजावर बोलावलं. सभेने नकार दिला, नॉर्थचा प्रस्ताव फेटाळला आणि तहकूब झाली. पुन्हा कधी गणपूर्ती झाली नाही. कारभार कन्व्हेन्शन आणि तिने नेमलेली संरक्षण समिती पाहू लागली. ऑक्टोबरमध्ये रँडॉल्फ फिलाडेल्फियातच वारला.

६ मे १७७६ रोजी सभेच्या इतिवृत्तात शेवटची नोंद आहे : काही सभासद जमले, पण हाउस ऑफ बर्जेसेस म्हणून त्यांनी काम सुरूही केलं नाही आणि तहकुबीही केली नाही. खाली मोठ्या अक्षरांत ‘समाप्त’ या अर्थाचा लॅटिन शब्द. त्याच दिवशी, त्याच इमारतीत पाचवं कन्व्हेन्शन सुरू झालं. १५ मेला तिथे हजर असलेल्या एकशेबारा सभासदांनी एकमताने ठरवलं की काँग्रेसमधल्या आपल्या प्रतिनिधींनी स्वातंत्र्याचा प्रस्ताव मांडावा. टॉमस नेल्सनने तो ठराव फिलाडेल्फियाला नेला, ७ जूनला रिचर्ड हेन्री लीने प्रस्ताव मांडला, २ जुलैला काँग्रेसने तो मंजूर केला.

आता प्रश्नाचा दुसरा भाग, आपल्याकडचा. मुंबईच्या कौन्सिलमध्ये बुद्धिमान माणसांची वाण नव्हती. १९०१ साली जमीन महसुलाच्या दुरुस्ती विधेयकावर फिरोजशहा मेहता, गोखले आणि काही सहकारी निषेध करून सभात्याग करून गेले. विधेयक तरीही मंजूर झालं, कारण बहुमत सरकारी सभासदांचं होतं. पुढे १९२४ साली मध्य प्रांतात स्वराज्य पक्षाने अंदाजपत्रकच फेटाळलं, तर गव्हर्नरने आपल्या खास अधिकारात खर्च चालू ठेवला. तिजोरी सभेची नव्हती, आणि खाली जिल्ह्यात कलेक्टर, पोलीस, मामलेदार सरकारचे होते. मेहता-गोखले बाहेर पडून रॅले टॅव्हर्नसारख्या कुठल्या खोलीत बसले असते तरी त्यांच्या शब्दावर एकही कचेरी हलली नसती. म्हणून आपल्याकडे काँग्रेस हा पक्ष, त्याच्या तालुका समित्या, सत्याग्रह असा सगळा डोलारा कौन्सिलांच्या बाहेर शून्यातून उभारावा लागला. व्हर्जिनियाच्या काऊंटी समित्यांशी तुलना करायचीच तर ती १९४२ नंतरच्या साताऱ्यातल्या प्रतिसरकारशी करावी. गावोगावचे न्यायनिवाडे नाना पाटलांचे सहकारी करू लागले तेव्हा सरकारी हुकमाची जागा स्थानिक शब्दाने घेतली. फरक एवढाच की साताऱ्यात ते काम भूमिगत राहून, शेतकऱ्यांच्या पोरांनी जिवावर उदार होऊन केलं. व्हर्जिनियात ते आधीपासून खुर्चीत बसलेल्यांनी केलं.

आणि त्या खुर्चीचीच दुसरी बाजू आहे. व्हर्जिनियाच्या लोकसंख्येत पाचांत दोन माणसं गुलाम होती. १७७२ साली याच सभेने राजाकडे गुलामांची आयात थांबवावी असा अर्ज केला होता आणि त्या व्यापाराला अमानुष म्हटलं होतं. पण नोव्हेंबर १७७५ मध्ये डनमोरने जहाजावरून जाहीर केलं की बंडखोरांचे जे गुलाम राजाच्या बाजूने लढायला येतील ते मुक्त, तेव्हा काठावरचे कितीतरी मळेवाले रातोरात स्वातंत्र्यवादी झाले. जून १७७६ मध्ये मेसनचा हक्कांचा जाहीरनामा कन्व्हेन्शनपुढे आला. ‘सर्व माणसं निसर्गतः सारखीच स्वतंत्र आहेत’ हे पहिलंच कलम ऐकून रॉबर्ट कार्टर निकोलस आणि इतरांनी विचारलं, मग आमच्या गुलामांचं काय? त्यावर ‘समाजात प्रवेश करताना’ अशी पुस्ती जोडली गेली. गुलाम समाजाचे घटक नाहीत, म्हणून कलम त्यांना लागू नाही, असा त्यामागचा युक्तिवाद. त्या पुस्तीसह जाहीरनामा मंजूर झाला.

जी सभा अखंड चालत राहिल्यामुळे स्वातंत्र्य मिळवू शकली, तिचे मतदारही तेच राहिले. ऑक्टोबर १७७६ मध्ये तिच्या जागी ‘हाउस ऑफ डेलिगेट्स’ भरलं. सभापती झाला एडमंड पेंडलटन, बर्जेसांच्या सभेतला मुरलेला सभासद. नव्या राज्यघटनेत मतदानाचा हक्क ‘सध्या आहे तसाच’ ठेवला होता. बाहेरून गुलाम आणण्यावर १७७८ साली बंदी आली, मालकाला स्वेच्छेने गुलाम मुक्त करण्याची मुभा १७८२ साली मिळाली, पण गुलामगिरी मात्र सभेने रद्द केली नाही. आणि जमीन नसलेल्या गोऱ्या पुरुषांनाही व्हर्जिनियात सरसकट मताचा अधिकार मिळायला १८५१ ची राज्यघटना यावी लागली.